दत्तारामचा अंगठा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं की कोणीतरी चहा आणून ठेवतं, नाहीतर मीच विषय बदलतो — विषय बदलण्यात माझा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही. तेव्हा आधी सोपी चूक सांगतो. ती मी प्रत्येक लग्नकार्यात सांगत असतो.

नव्याण्णव साल असावं. आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी सायकलवरून कचेरीत जायचो. एका रविवारी सायकल पंक्चर झाली. म्हटलं, एवढ्याशा कामाला दुकान कशाला? चाक उतरवलं, ट्यूब काढली, तिच्यात हवा भरली आणि बादलीतल्या पाण्यात वीत-वीत बुडवत गेलो. अर्धा तास गेला. एक बुडबुडा नाही. शेजारचे दोघे बघायला जमले, त्यांनीही सल्ले दिले. मग सुनंदा, म्हणजे माझी बायको, कपडे वाळत घालायला बाहेर आली, जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पंक्चर मागच्या चाकाला आहे ना?"

मी पुढचं चाक काढून बसलो होतो.

इथे सगळे हसतात. मीही हसतो. आणि नेमका इथेच थांबतो — कारण ह्याच्या पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

त्या फजितीची भरपाई म्हणून मी एक पंप विकत घेतला. उभा, पायाने दाबून धरायचा, लाकडी मुठीचा. मे महिन्यात सुनंदा आणि मुलांबरोबर सासुरवाडीला निघालो तेव्हा तो सोबत घेतला. सासुरवाडी पूर्णगडच्या अलीकडे, सासरे आंबेवाले. त्यांच्याकडे आंबे घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून जावई एस.टी.तून पंप घेऊन उतरला. सासरे, आप्पा, त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे हो. पण दत्ताराम असताना घरात पंप कशाला?"

हे वाक्य मला लागलं. तेव्हा कळलं नाही किती लागलं ते.

दत्ताराम म्हणजे एस.टी.च्या थांब्याजवळचा सायकलवाला. झावळ्यांची खोपटी, एक घमेलं, एक कानस, सोल्युशनची डबी. आप्पांची सायकल वीस वर्षं त्याच्याच हातची. त्याच्याकडे हवेचं माप म्हणजे त्याचा अंगठा. टायर दाबायचा, डोळे किंचित मिटायचा आणि म्हणायचा, "झाला." दुसऱ्या कोणाला दाबू द्यायचा नाही. कोणी हात पुढे केलाच तर म्हणायचा, "तुमी पेपर वाचा."

मी पोचलो त्याच संध्याकाळी आप्पांबरोबर त्याच्याकडे गेलो होतो. पुढचा टायर बाजूने चिरला होता. नवा टायर रत्नागिरीहून यायला आठवडा लागणार, आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या बागेत तर रोज जायलाच हवं — आंबा उतरवणं चालू होतं. दत्तारामने आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला, म्हणजे गेटर मारला, ट्यूब घातली आणि हवा भरली. मग अंगठ्याने दाबून थोडी सोडली. म्हणाला, "आप्पा, हवा मुद्दाम कमी ठेवलीय. सड्यावर कातळ तापतो, हवा फुगते, चीर उघडंल. नवा टायर येईस्तोवर भरू नका."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पूजेला बसले होते. सायकल खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. पंप पडवीत. मी सहज म्हणून टायर दाबला — खरंच सहज का? — तर तो आत गेला. मला वाटलं, एवढ्या मऊ चाकावर म्हातारा माणूस चढ चढणार, दमेल. असं वाटलं म्हणतोय, पण खरं सांगू? मला पंप वापरायचा होता. कोणीतरी म्हणायला हवं होतं की आज सायकल कशी हलकी चालतेय. मी भरत गेलो. चाक दगडासारखं झालं तेव्हा थांबलो आणि दत्तारामसारखे डोळे मिटून अंगठा लावून पाहिला.

आप्पा सायकल घेऊन गेले. सड्यावर, बागेच्या दगडी गडग्याला टेकवून सायकल दोन-तीन तास उन्हात उभी राहिली असणार. अकराच्या सुमाराला परत येताना उतारावर टायर फुटला. खाली शेतात कवळं, म्हणजे डहाळ्यांच्या मोळ्या, भाजणाऱ्या बायकांना आवाज ऐकू आला. आप्पा जांभ्या दगडावर उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं.

संध्याकाळी दत्ताराम आला. हाताला प्लास्टर घातलेले आप्पा पडवीत खुर्चीवर, सासूबाई दारात, सुनंदा आत मुलांना जेवू घालत होती. पंप? पंप मी दुपारीच माळ्यावर ठेवला होता. एवढी अक्कल मला बरोबर सुचली.

दत्तारामने खळ्यात उकिडवं बसून टायर पाहिला. चीर हातभर उघडली होती, गेटर बाहेर लोंबत होता. तो म्हणाला, "मी हवा कमीच ठेवलीवती, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे हो. साक्षीदार म्हणून पाहिलं. "जावयबापू, सकाळी तुम्ही खळ्यात होतात. चाकाला कोणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही. मी तर पेपर वाचत होतो."

बस. एवढंच. कोणाच्या सासुरवाडीत जावयाला दुसऱ्यांदा विचारतात? आमच्याकडे तरी नाही. जावई बोलला, विषय मिटला. दत्तारामने लोंबणारा गेटर हाताने आत सारला. मग म्हणाला, "मग माज्याच हातून कायतरी ऱ्हायलं आसंल." आप्पा रागीट नव्हते. पण दुखणाऱ्या हातानं ते एक वाक्य बोलून गेले — "दत्ताराम, तुझा हात पूर्वीसारखा राहिला नाही रे."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी, नाही तर प्लास्टर निघालं त्या दिवशी. आप्पा त्यानंतर पुन्हा सायकलवर बसले नाहीत. बागेत चालत जायचे. दरवर्षी मेमध्ये मी जायचो, त्यांच्याबरोबर तो चढ चालायचो, आणि दरवर्षी वाटायचं, आज सांगू. सात वर्षं मी त्यांच्याशी पाऊस, मोहोर, मुलांच्या परीक्षा ह्या विषयांवर बोललो. मग ते गेले.

पण मला टोचतं ते आप्पांचं मनगट नाही. ते दोन महिन्यांत जुळलं.

पुढच्या वर्षी मी भाच्याची सायकल घेऊन दत्तारामकडे गेलो होतो. त्याने पंक्चर काढलं, हवा भरली, अंगठा लावला. "झाला" म्हणाला नाही. पुन्हा दाबलं. मग बाजूला सरकून मला म्हणाला, "जावयबापू, जरा दाबून बघा. बरोबर हाय ना?"

आधी वाटलं, ह्याला कळलंय, हा टोमणा आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण मग दिसलं, तो सगळ्यांनाच विचारत होता. मास्तरांना, दूधवाल्याला, शाळेतल्या पोरीलासुद्धा — "दाबून बघ गो." ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला टायरला हात लावू दिला नाही, तो आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. गेटर मारणं त्याने बंद केलं होतं. चिरलेला टायर आणला की तो पावस गावातल्या दुकानात जा म्हणायचा.

आणि मी काय केलं? दाबून बघितलं. म्हटलं, "ठीक आहे." दरवर्षी. काय ठीक आहे, हे मला आजही कळत नाही. मला टायरमधलं काहीच कळत नाही.

हे लिहून झाल्यावर सुनंदाला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं, पानं जुळवून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, वडिलांविषयी काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "दत्तारामला वाचता येत नाही. म्हणूनच लिहून काढलंत ना?"