बिबवेवाडी ते वाघोली: समोरच्या दारापर्यंतचा प्रवास

गेल्या वर्षभरात आम्ही दापोलीला जाऊन आलो, भावाच्या लग्नासाठी नाशिकला दोनदा गेलो, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय तर ईशानच्या हट्टापायी इतक्या वेळा झालं की तिथला हत्ती आम्हाला ओळखत असावा. वाघोलीला मात्र जाणं झालं नाही. फोनवर ‘या रविवारी नक्की’ म्हणायचं आणि रविवारी कपाटं आवरत बसायचं, असं चाललं होतं. वाघोली काही सातासमुद्रापार नाही. आमच्याच पुण्यात आहे, निदान तसं म्हणतात.

तिथे वैशाली राहते. ती मूळची अमरावतीची, आणि आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीत पाच वर्षं आमच्या समोरच्या घरात राहिलेली. तिची रेवा आणि माझा ईशान एकाच वयाचे, आता सहा वर्षांचे. दोन्ही दारं सकाळी दूधवाला आला की उघडायची, ती रात्रीच लागायची. कुणाकडे कोणती भाजी आहे ते बघून ही दोघं जेवायला कुठे बसायचं ते ठरवायची. ईशान तर वैशालीच्या फ्रिजमधून दही काढून खायचा, विचारणं वगैरे भानगडच नाही. रोज संध्याकाळी ती बेल वाजवायची आणि त्याचा एक मोजा, पाण्याची बाटली नाहीतर खेळण्यातली गाडी माझ्या हातात द्यायची. “घ्या, तुमचं पार्सल.” मी ईशानला रागवायचे, “एक दिवस डोकं विसरून येशील तिकडे!”

मग त्यांनी वाघोलीला स्वतःचा फ्लॅट घेतला, तिच्या नवऱ्याचं ऑफिस खराडीला म्हणून. भाड्याच्या एका खोलीतून दोन बेडरूमच्या घरात कोण जाणार नाही? त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा ईशान गॅलरीतून हात हलवत होता आणि मी त्याला सांगत होते, “जवळच तर आहे.”

अखेर आम्ही निघालो ते एका डब्यापायी. वैशालीचं नाव कोरलेला स्टीलचा डबा माझ्याकडे राहून गेला होता. आमच्यात भरून आलेला डबा रिकामा परत करायची पद्धत नाही, त्यामुळे कुणाचा ना कुणाचा डबा कायम या घरातून त्या घरात फिरत असायचा. हा माझ्याकडे असताना त्या लोकांनी घर सोडलं. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि डबा भरला.

“राहू दे की तो,” माझा नवरा मंदार म्हणाला. “त्यांना काय डबे कमी आहेत?”

“दुसऱ्याची वस्तू किती दिवस ठेवायची?” मी म्हटलं. त्याचं ऐकायला हवं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. स्वतःची गाडी नेऊ नका, नगर रोडवर ती ढकलत नेल्यासारखी चालते. बिबवेवाडीतून बसनं स्वारगेट गाठा, तिथून मेट्रो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते, आणि जमिनीखालून वर येणारे सरकते जिने इतके लांब आहेत की मुलांना तीच सहल वाटते. शेवटचं स्टेशन रामवाडी. तिकीट माणशी तीसेक रुपये. सोबत पाणी आणि काहीतरी कोरडं खायला ठेवा, कारण खरा प्रवास रामवाडीनंतर सुरू होतो.

मेट्रोत ईशाननं खणखणीत आवाजात विचारलं, “आई, वाघोली पुण्यातच आहे ना?”

समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिलं, “कागदोपत्री.”

रामवाडीहून रिक्षा केली. खराडी बायपासला अडकलो ते अडकलोच. ईशान तिसऱ्यांदा “आलं का?” म्हणाल्यावर रिक्षावाले काका हसले. “न्हाय बाळा, अजून लांब हाय. झोप जरा.” पण तो झोपेना. रेवाला दाखवायला आणलेली लाल गाडी त्यानं मांडीवर धरून ठेवली होती.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं नाव विचारलं, मोबाइलवर आमचा फोटो काढला आणि वर फोन लावला, “मॅडम, व्हिजिटर आहेत.” ईशाननं मला व्हिजिटर म्हणजे काय ते विचारलं. “पाहुणे,” मी सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

वैशालीनं दार उघडलं आणि मला मिठी मारली. घर छान आहे, उजेड भरपूर, स्वयंपाकघर तर माझ्या दुप्पट. ईशाननं बूट काढून भिंतीला नीट लावून ठेवले आणि दारातच थांबला.

“काहून रे, दारात काहून उभा राहिला? ये ना घरात!” वैशाली म्हणाली. तिचं ‘काहून’ ऐकून मला भरून आलं.

ट्रेमधून पाणी आलं, मग बशीसकट कप. आमच्या घरी ती ओट्याला टेकून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायची. रेवा आईच्या मागे उभी राहून ईशानकडे बघत होती. पाच मिनिटांनी ईशान माझ्या कानाशी आला. “आई, मला दही हवंय. तू सांग ना काकूला.”

मी सांगणार, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून रेवाएवढीच एक मुलगी आली. अनवाणी, बेल न वाजवता. ती सरळ फ्रिजपाशी गेली, दार उघडलं, दह्याची वाटी काढली आणि ओट्याखालच्या ड्रॉवरमधून चमचा घेतला. वैशालीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मात्र ईशानकडे बघितलं. तो बघत होता, चमचा कुठे असतो तेही.

त्याला दही मिळालं, काचेच्या वाटीत, वर साखर घालून. अर्ध्याएक तासानं आतल्या खोलीतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात मंदारनं घड्याळ दाखवलं. आता निघालो नाही तर पुन्हा ट्रॅफिक. गाडी आत्ता कुठे रुळावर येत होती आणि आम्ही चपला शोधत होतो. आणखी तासभर बसलो असतो तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

डबा बघून वैशाली खूश झाली. “अगं, हा तुझ्याजवळ होता! मी सारं घर पालथं घातलं न.” तिनं वड्या काढून घेतल्या, डबा घासून मांडणीवर ठेवला आणि आमच्यासाठी सांबारवड्या, म्हणजे तिच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, बांधून दिल्या. हॉटेलातून पार्सल येतं तसल्या प्लास्टिकच्या डब्यात.

“हा फेकून दे बरं खाऊन झालं की,” ती प्रेमानं म्हणाली. “एवढ्याशा डब्यासाठी तू कुठं इतक्या दूर येत बसशील?”

तिनं माझा त्रास वाचवला. मला तो वाचवून नको होता, पण हसून मी पिशवी घेतली.

आल्या वाटेनंच आम्ही परतलो. कुणी या मार्गानं जाणार असाल तर एक सांगते: सकाळीच निघा, मुक्कामाचे कपडे घ्या, आणि कुणाचा डबा घरात असेल तर खुशाल वापरा, परत मात्र करू नका.

घरी आल्यावर सवयीनं ईशानची पिशवी तपासली. बाटली, टोपी, लाल गाडी. पायात दोन्ही मोजे. निघायच्या वेळी त्यानंच एकेक वस्तू गोळा करून भरली होती, कुणी न सांगता.

“काय विसरून आला हा आज?” मंदारनं हसत विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं.