नावाडीण

डूख धरावा तर तो होडीवाल्या काकूनं! नवरा गेल्यावर त्याची होडी ती स्वतः चालवायला लागली, तेव्हा धाकट्या दिरानं भर धक्क्यावर, चार माणसांत तिला सुनावलं होतं, "वहिनी, नावाडीण म्हणजे नावाड्याची बायको. नावाडी नव्हे! घरी बसा." सगळे फिदीफिदी हसले होते. काकू रोज पाहुण्यांना खारफुटीत न्यायची, पक्षी दाखवायची, घरी येऊन दोन घास खायची. पण ते हसणं काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. ज्या तोंडानं हा बोलला त्याच तोंडानं, चार माणसांतच, ह्याला शब्द फिरवायला लावीन, एवढी एकच आस तिला उरली होती.

आणि आली की वेळ! दिराच्या मुलीचे होणारे सासूसासरे खारफुटी बघायला आले आणि नेमकं त्याच सकाळी दिराच्या होडीचं इंजिन रुसलं. झक मारत आला वहिनीच्या दारात. पांढरीशुभ्र पँट, चकचकीत बूट.

"वहिनी, आमच्या पाहुण्यांना जरा फिरवून आणा ना."

"अहो, या की भावजी. घरचीच होडी."

होडी वल्हवत होती काकू आणि तोंड चालत होतं भावजींचं. बगळा उडाला की ह्यांचं व्याख्यान सुरू. चिखलावर टुणटुण उड्या मारणारे मासे तर जणू ह्यांनीच पाळलेले! पण पाणमांजरं काही दिसेनात. विहीणबाई हिरमुसल्या, तसा भावजींनी हुकूम सोडला, "घ्या त्या अरुंद फाट्यात! तिथं हमखास असतात."

ओहोटी लागली होती. एरवी काकूनं फाडकन नाही म्हटलं असतं. आज म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

जरा आत जाताच होडी चिखलात रुतून बसली.

"आता बघताय काय? उतरा, ढकला!" भावजी खेकसले.

काकूनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "रुतलेली होडी नावाड्यानं उतरून ढकलायची असते, भावजी. मी आपली नावाडीण. नावाड्याची बायको."

व्याही एकदा हिच्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. काय करतात बिचारे भावजी? बूट काढून उतरले, ते थेट मांडीपर्यंत चिखलात! पण होडी हलकी झाली आणि एका धक्क्यात सुटली. काकूनं वल्हं मारलं आणि मारतच राहिली.

"वहिनी! अहो वहिनी, थांबा!"

"अहो, ते मागं राहिले!" व्याही घाबरले. "हाक मारताहेत."

"ऐकू येतंय मला. चुकीची मारताहेत."

आणखी दोनदा वहिनी झालं. मग घसा फाटेस्तोवर आवाज आला, "ओ नावाडी!"

काकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं होडी थांबवली. "कोण नावाडी?"

"तुम्ही! तुम्हीच नावाडी! आता तरी घ्या मला!"

"मग नावाड्याचं ऐकायचं. तुम्ही चढलात की होडी परत रुतेल. मुळं धरून उभे राहा. भरती आली की येते."

विहीणबाई तोंडावर हात दाबून हसत होत्या. पुढच्याच वळणावर पाणमांजरं होती. काकूनं ती दोघांना पोटभर दाखवली. तिला काही घाई नव्हती.