डब्यातली बाजरी

पिंपरीला कंपनीत लागलो त्या वर्षीची गोष्ट. आम्ही नगरकडची थोडी ख्रिस्ती कुटुंबं रविवारी क्वार्टरमधल्या एका खोलीत उपासनेला जमायचो. दिवाळीच्या आधी हंगामाचा सण आला. गावाकडे शेतातलं पहिलं पीक देवापुढे ठेवायचो. इथे शेत कुणाला होतं? मग मंडईतून भोपळे-वांगी आणून टेबलावर मांडली. दिसत होती झकास, पण गाणं काही गळ्यातून निघेना.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस आला. नवाच लागलेला असावा. त्याने दोन्ही हातांत धरलेला रॉकेलचा डबा टेबलावर ठेवला आणि तळहात शर्टाला पुसले. डब्यातल्या मातीत बाजरीचं एकच धाट उभं होतं. चिमण्यांनी खाऊ नये म्हणून कणसाला चिंधी बांधलेली. ती त्याने अलगद सोडली. बायका पदराआड हसल्या.

उपासनेनंतर चहा घेताना त्याने कणीस चोळलं आणि प्रत्येकाच्या हातावर चार दाणे ठेवले.

"खाऊ नका, राव, पेरा," तो म्हणाला. "पुढल्या साली इकत आणायचं न्हाई."

पुढे तो कुठे गेला, कुणास ठाऊक. पण पावसाळ्यात आमच्या दारोदार डबे लागले. सणाच्या दिवशी कणसं सोडली तेव्हा खोलीत चिंध्यांचा ढीग पडला, आणि गाणं तर रस्त्यापर्यंत गेलं.

तेवढ्यात दारात एक नवं जोडपं येऊन घुटमळलं. हातात मंडईतली केळी होती. माझ्या बायकोने एक कणीस घेतलं आणि चोळायला बसली.