फ्लोराइडची धुतलेली बाटली

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकते. आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माझी ही फजिती तोंडपाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिलात.

मी तळेगाव ढमढेऱ्याची. शिरूरच्या एका कॉलेजात प्रोटीनवर संशोधन करते. म्हणजे काय करते, तर चांगलं कामाला लागलेलं प्रोटीन मध्येच थांबवते. त्यासाठी ॲल्युमिनियम फ्लोराइड लागतं. ते फॉस्फेटच्या जागी जाऊन बसतं, प्रोटीनला वाटतं आपलं फॉस्फेटच आहे, आणि ते आहे तिथंच अडकून राहतं. फसवणूकच ती, पण विज्ञानासाठी.

हे द्रावण आयतं मिळत नाही. सोडियम फ्लोराइड वेगळं करायचं, ॲल्युमिनियम क्लोराइड वेगळं, आणि ऐन वेळी दोन्ही प्रोटीनमध्ये घालायचं. त्यात फ्लोराइड काचेत ठेवायचं नाही, ते काच खातं. प्लॅस्टिकच लागतं. आमच्याकडं काचेच्या बाटल्या ढीगभर, प्लॅस्टिकची मात्र औषधाला सापडेना.

शेजारच्या टेबलावर ज्योतीताई असते, पाटसची. उसातल्या एका एन्झाइमवर तिचं काम. ते एन्झाइम साखर फोडतं, आणि किती फोडली ते ताई नळीतल्या रंगावरून मोजते; साखर फुटली की पिवळी नळी लाल होते. तिच्याकडं एक पांढरी प्लॅस्टिकची बाटली होती.

"ने की," ताई म्हणाली. "पर धुऊन दे. तुझं ते इख मला नगं."

आता मला धुणं शिकवायचं? माझा प्रयोग झाला, प्रोटीन गुमान थांबलं. उरलेलं फ्लोराइड ठरलेल्या कॅनमध्ये ओतलं, बाटली घासली, विसळली, परत विसळली, वाळवली आणि ताईच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्यात बफर भरलं. बफर म्हणजे एन्झाइम ज्यात सुखानं राहतं ते पाणी. दुपारी बघते तर ताई कपाळाला हात लावून बसलेली. तिच्या सगळ्या नळ्या लालभडक. जी नळी पिवळीच राहायला हवी, ज्यात तिनं नुसतं एन्झाइम घातलं होतं, फोडायला साखर घातलीच नव्हती, तीसुद्धा लाल.

"बाटली न्हाई धुतली तू," ताई म्हणाली.

"धुतली ताई, देवाशपथ."

"मग ह्यो रंग कुठनं आला? काल तुझं फ्लोराइड हुतं त्यात. आज माझं एन्झाइम वाया गेलं. कारखान्याच्या फडातनं ऊस आनून किती खटपटीनं काढलं हुतं, ठावं हाय का तुला?"

मला फार वाईट वाटलं, आणि तेवढाच रागही आला. तेवढ्यात आमच्या लॅबचे सर आले. सर दौंडचे, कमी बोलणारे. त्यांनी नळ्या पाहिल्या, बाटली पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"विषाची बाटली नीट धुता येत नसेल, तर उद्यापासून या लॅबमध्ये फ्लोराइड बंद," सर म्हणाले.

झालं. फ्लोराइड बंद म्हणजे माझं संशोधनच बंद. मग घरी जाऊन कांदे काढायचे. पण मी काय ऐकून घेणारी आहे का? बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं यंत्र आमच्याकडं आहे. ताईच्या बाटलीतलं उरलेलं बफर घेतलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. फ्लोराइडचा मागमूस नाही. पुन्हा मोजलं. नाहीच.

मला असं स्फुरण चढलं म्हणता! सर यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचू लागले. इथं मी गप्प बसले असते, तर आज शहाणी म्हणून मिरवत असते. पण नाही.

"बघितलं?" मी म्हटलं. "सर, मी कशी धुते ते तळेगावात कुणालाही विचारा. आमच्या आईची शिस्त आहे. शेजारणीचं भांडं लख्ख करून द्यायचं, आणि कधी रिकामं द्यायचं नाही. बाटली इतकी स्वच्छ होती, की मी त्यात आपल्या चहासाठीच्या डब्यातली चिमूटभर साखर घालून दिली. बाटलीत विष राहिलं असतं, तर साखर घातली असती का मी?"

ताईनं आणि सरांनी एकमेकांकडं पाहिलं. अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडलेला नव्हता. यांना माझं म्हणणं पटलं, असंच मी समजत होते.

"म्हंजी," ताई सावकाश म्हणाली, "मी हितं साखर मोजत बसते, आन् तू माझ्याच बाटलीत साखर घातलीस."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फ्लोराइड चालू राहू दे. हिचा फ्लोराइडवर हात चांगला बसलाय. बंद करायचं ते दुसरंच."

तेव्हापासून लॅबमधल्या विषाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. साखरेचा डबा ताईच्या कुलपात असतो, आणि चहात साखर हवी असेल तर मला तिच्यापुढं कप धरून उभं राहावं लागतं.