पाच सेकंदांचा मेन्यू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

२०१६ च्या हिवाळ्यात आम्ही कॅनडात, एडमंटनला नवे होतो. बेसमेंटमध्ये एकच कॉम्प्युटर, त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम – एक माझ्या कामाची, एक बायकोच्या, मेधाच्या अभ्यासाची. पुण्यात ती फार्मासिस्ट होती. इथल्या लायसन्सची परीक्षा द्यायची होती. मशीन चालू केलं की कोणती सिस्टीम हवी, ते विचारणारा मेन्यू पाच सेकंद दिसे. तेवढ्यात तिने तिची सिस्टीम निवडली नाही, तर माझी आपोआप सुरू. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आई, यू मिस्ड इट अगेन!" मुलगी जिन्यावरून ओरडायची.

"तुझ्या बाबांचं घोडं नेहमी पुढे!" मेधा म्हणायची. मग मला, "हे बदलता येत नाही का रे?"

"नाही. ते तसंच असतं."

पुण्यात मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. न तपासलेलं वाक्य पुढे जाऊ देत नसे. माझं हे उत्तर तर खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. एका फाईलमधली एक ओळ बदलायची होती. एकदा बदलायला गेलो, तर मशीन सुरूच होईना. मित्राने गुपचूप दुरुस्त करून दिलं. पुन्हा हात लावायची भीती वाटली – आणि भीती कबूल करायची लाज. एवढंच? नाही. माझी सिस्टीम पहिली असणं मला सोयीचंही होतं.

एका शनिवारी तिची ऑनलाइन सराव परीक्षा होती. मेन्यू हुकला. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत प्रवेश बंद झाला होता. मी म्हणालो, "जरा लक्ष देत जा ना." त्यानंतर ती 'मला जमत नाही' म्हणू लागली – मेन्यूबद्दल नव्हे, परीक्षेबद्दल. अर्ज लांबणीवर पडला. तेव्हा तरी का बोललो नाही?

पुढच्या वर्षी सिस्टीमची नवी आवृत्ती आली. त्यात सेटिंग्जमध्येच एक साधं पान होतं: आधी काय सुरू व्हावं, मेन्यू किती वेळ थांबावा, ते निवडायचं. मेधानेच ते शोधलं. स्वतःची सिस्टीम पहिली लावली आणि मेन्यूची वेळ वाढवली. मला म्हणाली, "तुझी धावपळ नको व्हायला." त्याच आठवड्यात तिने अर्ज भरला. आज ती फार्मसीत काम करते, आणि इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना लॅपटॉप शिकवते. "बिघडत नाही हो, दाबून बघा!"

त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "बघ, आता बदलता येतं." ते आधीही येत होतं.

हा मजकूर छापायला जाण्यापूर्वी तिच्या हातात देणार आहे. तिला काय म्हणायचं, ते ती म्हणेल.