देवळालीचा ताप

आमचे साहेब इंग्रज. इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये मी त्यांचे रिपोर्ट टाईप करते, त्यामुळे त्यांचे घरगुती शब्द मला तोंडपाठ आहेत. दमले की ‘नॅकर्ड’, चहा हवा की ‘कपा’. त्यांच्या आयरिश फोरमनला गंमत वाटली की तो ‘क्रॅक’ म्हणतो. अर्थ मला कळायचे. शब्द कुठून आले याच्याशी मला काय करायचं होतं?

आमच्याकडे जळगावचे एक फिटर आहेत. दोन वर्षं घरी गेलेले नाहीत. मुलीचं लग्न ठरलं, तरी त्यांची लीव्ह तीनदा पुढे ढकलली. चौथ्यांदा साहेब हसत ‘नेक्स्ट मंथ, इंशाल्ला’ म्हणाले, तेव्हा फिटरांनी हातातला पाना टेबलावर आपटला. कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी लगेच मला रिपोर्ट सांगितला: हा माणूस ‘डूलाली’ झालाय, कामाला योग्य नाही. हा शेरा फाईलला लागला की घरी जायला मिळालं असतं, पण परत यायला व्हिसा उरला नसता.

आणि मी मुकाट टाईप केलं. सांगायला लाज वाटते.

ज्याच्याबद्दल रिपोर्ट, त्याची त्यावर सही लागते. आपली माणसं माझ्या हातचा कागद वाचतच नाहीत. ‘ताईंनी टाईप केलंय ना, मग झालं!’ याचा मला इतकी वर्षं कोण अभिमान! फिटरांनीही सही ठोकली आणि मग विचारलं, “ताई, हे डूलाली काय राहतं?”

‘वेडा’ असं त्यांच्या तोंडावर सांगवेना. दुसरा काही सौम्य अर्थ मिळतो का म्हणून मोबाईलवर शोधलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. डूलाली म्हणजे देवळाली! नाशिकजवळची, माझं माहेर! नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत परतीच्या बोटीची महिनोन्‌महिने वाट बघायचे. बघता बघता बिथरायचे. त्याला म्हणे ‘डूलाली टॅप’, आणि टॅप म्हणजे आपला ताप. घराला लाडानं ‘ब्लायटी’ म्हणायचे, तेही आपल्या विलायतीवरून. वेडे झाले ते, आणि नाव बदनाम माझ्या गावाचं!

मी तो कागद घेऊन तशीच केबिनमध्ये शिरले. साहेब म्हणाले, साधा शब्द आहे, मनावर घेऊ नका, हवा तर काढून टाका.

“नाही काढणार,” मी म्हटलं. माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. “अर्थही लिहिते खाली. घरी जायची वाट बघून बघून बिथरलेला. तुमच्या माणसांना यावर परतीची बोट मिळत होती. आमच्या माणसाला काय द्यायचं, तेवढं सांगा. तेही टाईप करते.”

साहेब लालेलाल झाले. मग त्यांनी रिपोर्ट फाडला आणि लीव्हचा फॉर्म मागवून त्यावर सही केली.

बाहेर येऊन मी फॉर्म फिटरांपुढे ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सरळ खालची रेघ शोधू लागले.

“आधी वाचा!” मी त्यांच्यावरच ओरडले. “माझ्या हातचा असला तरी आधी वाचा, दादा!”