फोनवर वाजणारी आत्या

आमच्या इमारतीत अशी बोलवा होती की आत्याचं कुणाशी तरी सूत जुळलंय. नुसतं जुळलेलं नाही, तर ती त्याला भरदुपारी फोन लावते आणि पक्ष्यासारखे आवाज काढून दाखवते. ही बातमी पसरवायचं काम आत्याच्या शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. त्या राहायला आमच्याच इमारतीत, आणि माझ्या आईला जिन्यात गाठायच्या. मान एका बाजूला, आवाज थेट नाकातून, आणि दर वाक्यामागे एक छोटासा उसासा. "मी नाही हो कुणाच्या अध्यात ना मध्यात. हं. पण भिंतच पातळ, त्याला मी काय करू? हं. काल तर त्यांनी चक्क 'पीं' केलं. दोनदा! या वयात शोभतं का? हं."

आता खरं काय ते सांगते. फोन खरा. पलीकडे पुरुष होता, हेही खरं. 'पीं' तर शंभर टक्के खरं. फक्त ती नक्कल पक्ष्याची नव्हती, आत्याच्या कॉम्प्युटरची होती. आणि पलीकडचा माणूस म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे काका. डोळे अधू झाले तसे ते हत्यारं खाली ठेवून लांबच्या गावी मुलाकडे राहायला गेले होते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. ती एका खोलीला कारखाना म्हणायची आणि त्यामागच्या अर्ध्या खोलीला घर. कारखान्यात भरतकामाचं एक अजस्र मशीन होतं. त्यावर शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचे बॅज निघायचे, हॉटेलांच्या टॉवेलवरची अक्षरं निघायची, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या एप्रनवरची नावं निघायची. तरुणपणी हे सगळं ती हाताने, गोल फ्रेममध्ये कापड ताणून करायची. मग कुठलासा कारखाना बंद पडला, तिथलं मशीन तिने उचललं आणि मशीनसोबत एक कॉम्प्युटर आला. जाडजूड, पिवळट पडलेला, चालताना गुरगुरणारा.

हे मशीन फक्त त्या एका कॉम्प्युटरचं ऐकायचं. नक्षी त्याच्यावर काढायची, आणि मनगटाएवढ्या केबलमधून ती मशीनला जायची. नव्या कॉम्प्युटरला ती केबल खुपसायला भोकच नसतं. म्हणून आत्या त्याला जपायची, चुचकारायची, त्याचे रुसवे काढायची, आणि म्हणूनच त्याला 'जावईबापू' म्हणायची.

सुट्टीत मी सकाळीच तिच्याकडे पळायचे ते जावईबापूंना उठताना ऐकायला. आत्या बटण दाबायची आणि चहाचा कप हातात तसाच ठेवून, मान खाली घालून उभी राहायची. आधी पंखा, घूंऽऽऽ. मग आतून कुणीतरी सुपारी कातरावी तशी कटकट. मग काहीच नाही. या 'काहीच नाही'मध्ये आत्या श्वास घ्यायची नाही. आणि मग एकच, बारीक, चुणचुणीत 'पीं'. "पास!" म्हणून ती चहाचा पहिला घोट घ्यायची. एक पीं म्हणजे सगळं ठीक. लांबलचक पींऽऽऽ पींऽऽऽ म्हणजे मेमरीची पट्टी हलली. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्र दाखवणारं कार्ड रुसलं. आता हे आवाज कुठेच ऐकू येत नाहीत. आमच्या घरचा लॅपटॉप उठतो ते चोरासारखा, पाऊल न वाजवता. ते घूं आणि ती पीं उरलीय फक्त माझ्या घशात. कुणी म्हटलं तर काढून दाखवते, कुणी म्हटलं नाही तरी दाखवते.

फोनवर नक्कल करायची पद्धत कशी पडली, तेही ऐका. काका गावाला गेल्यावर पहिल्यांदा बिघाड झाला तेव्हा आत्याने रिसीव्हर सरळ कॉम्प्युटरच्या पोटाशी धरला. काका वैतागले. त्यांचा आवाज एवढा मोठा की रिसीव्हर वीतभर लांब धरला तरी खोलीभर ऐकू यायचा. "ताई, असं बघा... मला नुसता वारा ऐकू येतोय. तुम्ही समुद्रावर गेलाय का? तुम्हीच सांगा, काय म्हणतोय तो." आत्याला त्याचं म्हणणं शब्दांत सांगता येईना. मग तिने घसा खाकरला आणि तोंडानेच पंखा चालू केला. मग काका म्हणाले, "असं बघा... हे उत्तम झालं." तेव्हापासून हेच सुरू झालं, आणि चष्मेवाल्या बाईंची करमणूक.

मी नववीत गेले त्या वर्षी, शाळा उघडायच्या तोंडावर, जावईबापू उठेनात.

बाबा कधीपासून तिच्या मागे लागले होते. "अक्का, पुरे झालं. एकटी राहतेस, दिवसभर त्या धुडाशी झटतेस. घरी चल. खोली रिकामी कर, मशीन भंगारात देऊ." बाबांचं चुकत नव्हतं, ते काळजीपोटी म्हणायचे. पण काळजी करताना त्यांचा आवाज ऑफिसातल्या नोटिशीसारखा व्हायचा. आत्या प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची, "बाळ्या, जावईबापू जातील तेव्हा मी येईन." अख्ख्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं की त्यांच्या साहेबांना घरी बाळ्या म्हणतात.

आता जावईबापू खरोखर गेल्यासारखे दिसत होते. बॅज भरून द्यायचे राहिले होते. अर्धे टोपलीत पडले होते, अर्धे अजून निघायचे होते. कॉम्प्युटरच्या दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. च्युइंगगम एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाला, "मॅडम, याचं काहीच मिळत नाही आता. ठेवा शोभेला." आत्याने बाबांना बोलावलं आणि स्वतःच म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत बघते. नाही झाला सुरू, तर चावी तुझ्या हातात देते. मग तू आण तुझा भंगारवाला." बाबांना एवढ्या सहज होकाराची सवय नव्हती. ते तसेच ऑफिसला गेले. आत्या मात्र गंमत म्हणून बोलत नव्हती. मशीनवरचं कापड तिने उगाचच दोनदा सारखं केलं.

मग फोन.

"भाऊ? जावईबापू रुसले."

"काय म्हणतात?"

आत्या ताठ उभी राहिली. डोळे मिटले. "घूंऽऽऽ टक्." थांबली. "घूंऽऽऽ टक्."

"पीं?"

"पीं नाही."

"लांब पींसुद्धा नाही?"

"भाऊ, पीं असती तर मी खाऊन टाकली असती का?"

काकांनी एकेक करून सगळं काढायला लावलं. हार्ड डिस्कची वायर काढली, घूं टक्. सीडीचा ड्राइव्ह सोडवला, घूं टक्. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल बदलला, घूं टक्. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा मी खोडरबरने घासल्या. काका म्हणाले, "आता पट्टी न लावताच चालू करा. ओरडला पाहिजे. जेवायला दिलं नाही तर जिवंत माणूस ओरडणारच." जावईबापू ओरडले नाहीत. घूं टक्. दर वेळी आत्या बटण दाबायची, ऐकायची, धावत फोनशी यायची आणि तेच तोंडाने वाजवायची. भिंतीपलीकडे चष्मेवाल्या बाईंनी नक्कीच खुर्ची सरकवली होती.

"ताई, असं बघा..." काका म्हणाले. "परत एकदा. सावकाश."

"घूंऽऽऽ टक्... घूंऽऽऽ टक्."

"ते मधलं थांबणं तुमचं की त्याचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला दम लागला म्हणून थांबलात, की तो थांबतो?"

आत्याचा चेहरा असा झाला की जणू तिच्या सुरावर कुणी शंका घेतली. "भाऊ, माझा दम अजून शिल्लक आहे. तो थांबतो. स्वतः बंद पडतो, स्वतः परत उठतो. मी बटणाला हातही लावत नाही."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" काका एवढ्याने ओरडले की मीच दचकले. "तो मेला नाही, त्याला झटका बसतोय. उठायला जातो, चटका लागतो, बसतो. परत उठायला जातो. बोर्डाच्या पाठीला कुठेतरी लोखंड टेकतंय. तुम्ही हल्ली त्याला हलवलंत का?"

हलवलं होतं. आत्या त्याचा एका बाजूचा पत्रा उन्हाळाभर काढूनच ठेवायची, वारा लागावा म्हणून. आत धाग्यांचा कोंडा जमायचा. आदल्या दिवशी तिने त्याला आडवा पाडून ब्रशने झाडला होता आणि परत उभा केला होता.

"वायर उपसा. सगळा बोर्ड बाहेर काढा आणि सुक्या पुठ्ठ्यावर ठेवा. काय सापडतं बघा."

आम्ही तो पेटीबाहेर काढला. आत्याला मी एवढ्या हळुवारपणे कशालाच हात लावताना पाहिलं नव्हतं. एकेक स्क्रू काढून ती ओठांत धरत होती, शिवणकाम करणारे टाचण्या धरतात तसे. बोर्ड उचलला आणि मागच्या पत्र्यावरून काहीतरी चमकत घरंगळलं. तुटलेल्या सुईचं टोक. भरताना सुई मोडली की टोक कुठे उडतं ते आत्या कधी शोधायची नाही, नवी सुई लावून पुढे चालू. त्यातलं एक जावईबापूंच्या उघड्या कुशीत जाऊन पडलं होतं, आणि आडवं-उभं करताना पाठीमागे सरकलं होतं.

"सापडलं का?" फोनमधून काका.

"सुई!" मी ओरडून सांगितलं, कारण आत्याचं तोंड भरलेलं.

"आता असाच उघड्यावर चालू करून बघा. मेमरीची पट्टी परत बसवा, चित्राचं कार्ड लावा, स्पीकरची वायर विसरू नका, नाहीतर बोलणार कशाने? पण ताई, आधीच सांगून ठेवतो. एवढे चटके खाल्लेत त्याने. उठेलच असं नाही."

आत्याने स्क्रू तळहातावर काढले आणि माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते मी सांगणार नव्हते. मला ती घरी यायला हवी होती. रात्री माझ्या खोलीत तिची खाट, झोपेपर्यंत नकला, चष्मेवाल्या बाई, बाबा, काका, सगळे एकेक करून. म्हणून मी म्हटलं, "नाही उठणार. पैज."

"काय लावतेस?"

"उठला तर टोपलीतल्या सगळ्या बॅजचे लोंबते धागे मी कापीन. नाही उठला तर तू माझ्या खोलीत झोपायचंस. आणि घोरायचं नाही."

"घोरणं काही माझ्या हातात नाही," आत्या म्हणाली. "पण बरं. लागली."

तिने स्क्रू परत ओठांत धरले आणि चालू करायच्या बटणाची वायर जिथून सुटली होती त्या दोन बारीक पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

घूंऽऽऽ.

पंखा फिरला. टक् आला नाही. फिरतच राहिला. आतून काही कातरल्यासारखं झालं. मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये आम्ही दोघी श्वास घेत नव्हतो, फोनमध्ये काकाही घेत नव्हते, आणि मला वाटतं भिंतीपलीकडेही कुणी घेत नव्हतं.

पीं.

"तू केलंस!" मी ओरडले. "आत्या, चीटिंग! तू तोंडाने केलंस!"

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं. ओठांत पाच-सहा स्क्रू, गाल ओले. ती मान हलवत होती, आणि हसूही येत होतं, पण तोंड उघडता येत नव्हतं. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकायला लागली. फोनमधून काका ताई ताई म्हणून हाका मारत होते, त्यांना मीच सांगितलं, "काका, पास!" पलीकडे ते कुणाला तरी म्हणाले, "ऐकलं का गं, पास झाला," आणि मग नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला. तो मला हुबेहूब काढता येतो, पण मी तो कुणाला दाखवत नाही.

संध्याकाळी बाबा भंगारवाल्याला घेऊन आले तेव्हा मशीन धडधडत होतं. बोर्ड अजून पुठ्ठ्यावरच होता, आत्याला तो पेटीत घालायला सवड नव्हती. बाबा दारात उभे राहून कापडावर उमटणारा बॅज बघत राहिले. भंगारवाला इकडेतिकडे पाहून म्हणाला, "साहेब, न्यायचं काय आहे?"

आत्या मशीनवरची नजर न काढता म्हणाली, "हे तुमच्याबरोबर आलेत ना, यांनाच न्या. बघा किती किलो भरतात."

बाबा हसले. हसायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. "अक्का, म्हणजे तू येत नाहीस."

"रविवारी येते. जेवायला. बाळ्या, त्या माणसाला चहा दे, उगाच खेप पडली त्याची."

दुसऱ्या दिवशी आत्याने टोपली माझ्यासमोर आणून ठेवली आणि तिच्यावर कात्री. मी कापायला बसले. धागे कापून कापून अंगठ्याला कात्रीच्या कडीचा वण पडला. मशीन बाजूला धडधडत होतं, आत्या मध्येच चष्मेवाल्या बाई होत होती, मध्येच दुकानातला च्युइंगगमवाला, आणि मी हसता हसता धागे चुकवत होते. दुपार कलली तेव्हा टोपली संपली. मी कात्री टाकून दिली आणि ऐटीत म्हटलं, "झाले बाई तुझे बॅज. फिटली पैज."

आत्याने एक बॅज उचलला, सगळीकडून नीट बघितला, मग पालथा करून माझ्यापुढे धरला. मागे धाग्यांचं हे एवढं जंगल.

"आणि हे?" ती म्हणाली. "हे काय बाळ्या कापणार?"